उसना निळा

आमच्या घाटंजीच्या शाळेत विज्ञानाचे एक सर होते. त्यांच्या हाती लग्नाची पत्रिका द्यायला लोक घाबरत. पत्रिका मिळाली की ते खिशातला लाल पेन काढत आणि उभ्याउभ्या तपासत. 'आशिर्वाद'मधला शि दीर्घ करत, 'सहकुटूंब'मधला टू ऱ्हस्व करत आणि पत्रिका परत देत. मुख्याध्यापकांच्या मुलीची पत्रिकासुद्धा त्यांनी अशीच परत केली होती. वर म्हणाले, "दोनच चुका आहेत. चांगली पत्रिका आहे."

मी त्याच शाळेत मराठी शिकवते. म्हणजे ही तपासणी खरं तर माझ्या खात्यातली. पण सरांना खातंबितं ठाऊक नव्हतं. शर्टाच्या खिशात लाल पेनच्या जोडीला खडूचा तुकडा असायचा. बसस्टँडवरच्या फलकावर 'सुचना' लिहिलं होतं, तिथं त्यांनी खडूनं दीर्घ ऊकार काढला. कंट्रोलरनं हटकलं, "सर, सरकारी बोर्ड हाये हा."

"म्हणूनच," सर म्हणाले आणि हात झटकून बसमध्ये चढले.

मला एकदा म्हणाले होते, "चूक खरजेसारखी असते, मॅडम. एकाला झाली की घराला होते, घराला झाली की गावाला. पहिल्या बोटालाच औषध लावायचं." मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि माझ्या फळ्यावरच्या सुविचारात त्यांनी एक अनुस्वार घातला होता. मला राग आला होता. अनुस्वार बरोबर होता, त्यामुळे जास्तच आला होता.

सर उंच, बारीक, आणि मान कायम थोडी मागं कललेली. ती आभाळाकडे बघून बघून तशी झाली असावी. प्रार्थनेच्या घंटेआधी ते मैदानाच्या मधोमध उभे राहून वर बघत आणि मग स्टाफरूममध्ये येऊन त्या दिवसाचं आभाळ सांगत. "आज धुतलेलं आहे." "आज पिठूळ आहे." एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे आभाळ निळं राहतच नाही, धुळीनं पांढरंफट होतं. तेव्हा म्हणत, "आज ताक." आम्ही हजेरीपत्रकातून मान वर न करता "हो का" म्हणायचो.

आणखी एक. 'माहीत नाही' हे शब्द सरांच्या तोंडून कधी कोणी ऐकले नव्हते. पोरं मुद्दाम काहीबाही विचारत. मुंगीला घाम येतो का, मासा झोपतो का, कापसाला वास काहून नाही. सर प्रत्येकाचं उत्तर जागच्या जागी देत. ठामपणे, खणखणीत, आणि पुढच्या प्रश्नाला जागाच ठेवत नसत. पोरांना वाटे, सर म्हणजे सर्व काही. खरं सांगायचं तर आम्हा शिक्षकांनाही तसंच वाटे.

सर पाचवी ते आठवीला शिकवत, आणि त्यांचा सहावीचा एक तास सगळ्या शाळेत प्रसिद्ध होता. आकाश निळं का दिसतं, हा तो तास. हे पुस्तकात नव्हतं, सर स्वतःहून शिकवत. आमच्या पोरांपैकी समुद्र कोणी पाहिलेला नसायचा. सर सगळ्यांना डोळे मिटायला सांगत. मग तोंडानं लाटेचा आवाज काढत. आधी लांबून, मग जवळून, मग वाळूत विरून जाणारा. सरांनी स्वतः समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, पण तो आवाज ऐकून अंगावर काटा यायचा. डोळे उघडले की टेबलावर निळ्या पाण्याची परात असे. खिडकीतलं ऊन त्या पाण्यावर पडून छतावर निळी झिलई हलत असे. सर छताकडे बोट करत आणि हळू आवाजात म्हणत, "आभाळाला स्वतःचा रंग नसतो, पोरांनो. तो समुद्राकडून उसना घेतलेला असतो."

मी शेजारच्या वर्गात शिकवता शिकवता थांबून हे ऐकत असे. 'उसना रंग' हे शब्द मला इतके आवडले होते, की निबंधात कसं लिहावं हे सांगताना मी ते पोरांना उदाहरण म्हणून देत असे.

आता ज्याला थोडं ठाऊक आहे तो म्हणेल, हे तर चूक आहे. हो, चूकच होतं. पण आम्हाला ते बरीच वर्षं कोणी सांगितलं नाही.

ते कळलं यवतमाळला, शिक्षकांच्या प्रशिक्षणात. दिवाळीनंतरचे दिवस होते. माझं भाषेचं प्रशिक्षण लवकर संपलं, म्हणून मी विज्ञानाच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसले. सरांसोबतच परतायचं होतं. शिकवणारी मुलगी तरुण होती, वर्ध्याकडची. तिनं विचारलं, "दिवसा आकाश निळं का दिसतं, कोण सांगेल?"

सर उठले. नुसते उठले नाहीत, तालुक्याची इज्जत खांद्यावर घेतल्यासारखे उठले. समुद्र, पाणी, प्रतिबिंब, उसना रंग, सगळं सांगितलं. लाटेचा आवाज तेवढा काढला नाही.

मुलगी हसली नाही. तिनं फक्त विचारलं, "सर, यवतमाळपासून समुद्र किती लांब असेल?"

सर काही बोलणार तोच ती पुढं म्हणाली, "आणि वाळवंटावरचं आकाश तर जास्तच निळं असतं. तिथं कोणाचं प्रतिबिंब?" मग हॉलकडे वळून म्हणाली, "अजून कोणाकोणाला समुद्र वाटतो? हात वर करा." निम्म्याहून जास्त हात वर गेले. काही हात वर जाता जाता कानामागं खाजवायला वळले.

मग तिनं काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात दुधाचे थेंब टाकले, पडदे ओढले आणि मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं लावला. बाजूनं बघितलं तर पाण्यात फिकी निळसर झाक. समोरून, टॉर्चच्या रेषेत बघितलं तर दिवा पिवळा-नारिंगी, मावळतीच्या सूर्यासारखा. ती म्हणाली, "उजेड तोच आहे. हवेचे कण त्यातला निळा जास्त उधळतात, म्हणून जिकडे बघावं तिकडून निळा येतो."

चहाच्या सुट्टीत सगळे हसत होते. एक गुरुजी म्हणाले, "जाऊ द्या हो, समुद्र काय न् दूध काय. पोट्ट्यायले निळं दिसते ना, बस." सर हसले नाहीत. त्यांनी चहा घेतला नाही, नंतर जेवणही घेतलं नाही. हॉल रिकामा झाल्यावर ते त्या ग्लासापुढं एकटेच वाकून उभे होते, लहान मुलं मत्स्यालयापुढं उभी राहतात तसे.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते आणि बाहेर बघत नव्हते. पायाशी बघत होते. घाटंजी जवळ आल्यावर म्हणाले, "निम्म्यांनी हात वर केले, मॅडम. त्यातले कितीतरी माझ्या हाताखालून गेलेले. ही खरूज मी वाटली."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये त्यांनी खिडक्यांना सतरंज्या लावल्या आणि तोच प्रयोग केला. परत केला. चहाचं दूध संपलं म्हणून शिपाईकाका कुरकुरले. सरांना वाटत होतं, एखाद्या वेळी तरी निळं दिसणार नाही. प्रत्येक वेळी दिसलं. शेवटी सतरंजी काढून ते माझ्यासमोर बसले. चेहरा असा झाला होता की मी वह्या तपासायच्या थांबवल्या.

पुढच्या सकाळी प्रार्थनेच्या वेळी त्यांनी सगळ्या शाळेसमोर सांगून टाकलं. माइक हातात घेतला आणि म्हणाले, आकाशाबद्दल मी तुम्हाला जे शिकवलं ते चूक होतं, मला त्याची लाज वाटते, आता बरोबर ऐका. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण माइकवर कोणी बोललं की टाळ्या वाजवायच्या एवढं त्यांना ठाऊक. मुख्याध्यापकांनी सरांना आत बोलावलं. "सर, माइकवर कायले सांगायचं? पालकांपर्यंत जाते. बरं, सांगितलं ते सांगितलं. झालं आता."

"आणि आधीच्या पोरांचं काय?" सरांनी विचारलं.

"कोणत्या आधीच्या?"

"आधीच्या सगळ्या."

मुख्याध्यापकांना वाटलं, सर गंमत करतात. सरांनी आयुष्यात कधी गंमत केली नव्हती.

त्या आठवड्याच्या बाजारापासून सुरुवात झाली. कांद्याच्या ढिगामागं बसलेला एक जण सरांचा विद्यार्थी होता. सर त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. "ओळखलं का?"

"काहून नाही सर. या ना. काय देऊ?"

"काही नको. तुला सहावीत मी सांगितलं होतं, आभाळ समुद्रामुळं निळं असतं. ते खोटं आहे. माझं चुकलं."

तो बिचारा तराजू हातात धरून बघत राहिला. मागं गिऱ्हाईक उभं होतं. सरांनी त्याला उजेड, हवा, उधळणं, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "असू द्या सर," आणि दोन कांदे सरांच्या पिशवीत टाकू लागला. सरांनी पिशवी मागं घेतली.

मग ते थांबेचनात. चालत्या ऑटोला हात करून थांबवत. आत सवाऱ्या बसलेल्या, आणि सर चालकाच्या कानाशी वाकून आभाळ समजावत. बँकेत कॅशियरच्या खिडकीतून, दवाखान्यात कंपाउंडरला, लग्नाच्या पंगतीत पानावर बसलेल्यांना. एकीला तर त्यांनी तिच्याच मुलीच्या साखरपुड्यात गाठलं. सगळ्यांचं उत्तर एकच असे: "असू द्या सर." काही जण पाया पडत. काही जण सर गेल्यावर बोट कपाळाशी नेऊन फिरवत.

मला हे फार लागायचं. पण खरं सांगते, सरांपेक्षा मला माझंच जास्त वाईट वाटायचं. लोक मला विचारत, तुमच्या सरांना काय झालं. बाजारात सर लांबून दिसले की मी दुसऱ्या ओळीनं जायला लागले.

एकदा त्यांच्या पत्नी शाळेत आल्या. काकू कधी शाळेत येत नसत. पदर सावरत स्टाफरूमच्या दाराशीच उभ्या राहिल्या आणि मला बाहेर बोलावलं. "मॅडम, तुम्ही समजवा यायले. आभाळ निळं कायले हाये हे सांगत गावभर फिरून राह्यले. काल माह्या भावजयीच्या तेरवीत सांगतलं. लोक हसून राह्यले. मले मान वर करता येत नाही."

"तुम्ही सांगून बघा ना काकू."

"सांगतलं. तं मले म्हणाले, तुलेही मीच सांगतलं होतं लग्नानंतर, समुद्राचं. आन् मलेच समजवत बसले." हे बोलताना त्यांना थोडं हसू आलं आणि मग त्यांचेच डोळे भरले.

मी त्या दिवशी सरांशी बोलायचं ठरवलं. मधल्या सुट्टीत ते एकटेच बसले होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "एक राहिली आहे. तिच्याकडे जायची हिंमत होत नाही म्हणून मी बाकी गाव पालथं घालतोय. तुमच्या लक्षात आलं असेल."

माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं. प्रज्ञा नावाची मुलगी होती सहावीत, बौद्धवाड्यातली. वडील एसटीत मेकॅनिक, घरात आजी. परातीचा प्रयोग संपला आणि सरांनी 'उसना रंग' म्हटलं, तशी ती उभी राहिली. म्हणाली, "नाही सर. आमच्या आजीनं सांगतलं, निळा रंग आभाळाचाच आहे. म्हणून आपला झेंडा निळा. आभाळ सर्वाइचं असते, तं त्याचा रंगही सर्वाइचा असते."

"मी काय म्हणालो माहीत आहे?" सर टेबलाकडे बघत म्हणाले. "मी म्हणालो, आजीचं आजीपाशी ठेव. इथं विज्ञान शिकवतात. आणि हसलो. मी हसलो तसा सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून पोरं तिला 'आजी' म्हणायला लागली."

ते नाव मला आठवलं. मैदानात पोरं ओरडायची, ए आजी. मला वाटायचं, असेल काही आपसातलं. मुलगी हुशार होती, पण वर्गात तोंड म्हणून उघडत नसे. मी तिच्या प्रगतिपुस्तकावर 'अबोल' लिहिलं होतं.

"आभाळाचं मला ठाऊक नव्हतं, ते एक वेळ सोडा," सर म्हणाले. "पण आजीला घरी ठेवायला सांगणारा मी कोण?"

प्रज्ञा आता पांढरकवड्याला असते, तिचं मॅचिंग सेंटर आहे, हे मला ठाऊक होतं. रविवारी मी माझ्या स्कूटीवर सरांना घेऊन निघाले. सर मागं बसले होते, मांडीवर पिशवी. पिशवीत काचेचा ग्लास, पाण्याची बाटली आणि दुसऱ्या लहान बाटलीत दूध. "तोंडी सांगून उपयोग नाही," म्हणाले. "तिनं स्वतः बघायला पाहिजे." सगळ्या रस्त्यात ते एवढंच बोलले. हायवेला लागल्यावर ट्रकांच्या वाऱ्यानं स्कूटी हलायची, तेव्हा ते माझा खांदा न धरता पिशवी धरायचे.

दुकान लहान, पण देखणं. तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत ब्लाउजपीसचे गठ्ठे, रंगाला रंग लावून रचलेले. कोपऱ्यात बुद्धाची तसबीर. काउंटरमागं प्रज्ञा, बत्तीस-तेहतीसची, कात्री गळ्यातल्या दोरीला बांधलेली. तिनं आम्हाला लगेच ओळखलं. "या मॅडम. या सर." स्टूल पुढं केलं. मी बसले. सर उभेच राहिले.

"प्रज्ञा, मी तुला एक चूक सांगायला आलोय."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "घाटंजीचे लोक येतात ना दुकानात. सांगतलं त्यायनं, सर सर्वाइले आभाळ सांगून राह्यले म्हणून."

सरांचा चेहरा पडला, तरी ते पिशवी उघडायला लागले. प्रज्ञानं शटर अर्धं खाली ओढलं. सरांनी ग्लासात पाणी ओतलं, दूध टाकलं. दूध उन्हानं नासलं होतं. पाण्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या. टॉर्च लावला तर सगळं पांढरंच दिसलं. सरांनी ग्लास फिरवला, टॉर्च फिरवला. तिथून उठून स्कूटीवर बसावं आणि निघून जावं असं मला वाटलं.

प्रज्ञा आत गेली. तिथं तिचं चहाचं सामान होतं. वाटीत दूध घेऊन आली, ग्लास विसळून दिला. सरांनी पुन्हा केलं. आता निळसर झाक आली. तिनं वाकून बाजूनं बघितलं, मग समोरून बघितलं. सरांनी सांगितलं: उजेडात सगळे रंग असतात, ज्याची लाट आखूड तो हवेत जास्त उधळतो, तांबडा बराचसा सरळ निघून जातो, निळा सगळीकडे पसरतो. आभाळाला रंग कोणी उसना देत नाही.

"म्हणजे तुझी आजी माझ्यापेक्षा बरोबर होती," सर म्हणाले. "मला त्यांनाही सांगायचं आहे. कुठं असतात त्या?"

"आजी गेली सर. चार-पाच वर्षं झाली."

बाहेरून हायवेवरच्या हॉर्नचे आवाज येत होते.

मग प्रज्ञाच बोलली. कात्रीच्या दोरीशी खेळत, हळू आवाजात. "मले आभाळाचं काही नव्हतं वाटलं सर तवा. सहावीतल्या पोरीले आभाळाचं काय. पण तुम्ही म्हटलं, आजीचं आजीपाशी ठेव. तं मी घरी गेलो आन् आजीले तसंच सांगतलं. म्हटलं, सर म्हणाले तुहं खोटं आहे, इज्ञान वेगळं आहे. ती मले रोज काही ना काही सांगे. झेंड्याचं, दीक्षेले पायी गेलते त्याचं. त्याच्यानंतर तिनं मले काही सांगतलंच नाही. मी विचारलं तरी म्हणे, तुह्या सरायले विचार बाई."

सर उभे होते. त्यांनी काउंटरच्या कडेला हात टेकवला. "माझं चुकलं, प्रज्ञा," ते म्हणाले. "रंगाचं चुकलं, ते कमी आहे. बोललो ते जास्त चुकलं. हसलो ते."

मला वाटलं, आता ती 'असू द्या' म्हणेल. तिनं म्हटलं नाही. तिनं शटर वर केलं. एक बाई पिशवीत साडी घेऊन आत आली, मोरपंखी काठाची. प्रज्ञा तिच्याकडे वळली, साडी दाराच्या उजेडात नेली, गठ्ठ्यातून एक पीस ओढला, परत ठेवला, दुसरा ओढला. बाईला तो चिंतामणी वाटला, हिनं मोरपंखी कसा ते दाखवलं. गिऱ्हाईक जाईपर्यंत सर तसेच उभे होते. मी पिशवी आवरली. आता निघावं म्हणून मी उठले.

प्रज्ञा निळ्या रंगाच्या गठ्ठ्यांकडे बघत होती. आकाशी, त्याच्यावर निळा, त्याच्यावर गर्द निळा, त्याच्यावर जांभळा. "सर, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही म्हटलं, लाट जेवढी आखूड तेवढा तो जास्त उधळते. निळ्याच्या पुढं तं जांभळा येते. त्याची अजून आखूड असंल ना?"

"हो. अजून आखूड."

"मंग आभाळ जांभळं काहून नाही?"

सरांनी तोंड उघडलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. उत्तर कुठून निघतं ते मला मानेवरून कळायचं. मान मागं जायची, हनुवटी वर यायची. या वेळी मान मागं गेली नाही. ते त्या जांभळ्या गठ्ठ्याकडे वळले.

"माहीत नाही," सर म्हणाले.

मला लाज वाटली नाही, एवढंच आठवतं. त्या सगळ्या महिन्यांत सरांबरोबर असताना लाज वाटली नाही असा तो पहिलाच क्षण असेल.

"मग शोधून सांगा," प्रज्ञा म्हणाली.

परत येताना वाटेत पाणी प्यायला थांबलो, तेव्हा सर म्हणाले, "तिनं 'असू द्या' म्हटलं नाही, मॅडम."

"नाही म्हटलं सर."

"बाकी सगळ्यांनी म्हटलं. मला तेव्हाच वाटायचं, यांनी ऐकलं नाही." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि स्कूटीवर बसले.

त्यानंतर त्यांनी बाजारात माणसं थांबवणं बंद केलं. काकूंना हायसं वाटलं. शाळेत समुद्राचा तास पुन्हा झाला नाही; परात शिपाईकाकांनी कुंड्यांना पाणी घालायला नेली. पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापकांनी त्यांना 'चालतंबोलतं ज्ञानपीठ' म्हटलं, तेव्हा सर खुर्चीत इतके आक्रसले, की हाराचं ओझं झालं असं लोकांना वाटलं. आता ते नागपूरला मुलीकडे असतात. फोनवर बोलतो आम्ही कधीमधी.

मागच्या संक्रांतीला मला एका साडीवर ब्लाउजपीस हवा होता, म्हणून मी पांढरकवड्याला गेले. खरं तर पीस घाटंजीतही मिळाला असता. प्रज्ञानं चहा केला. मी विचारलं, "सर परत आले होते का गं?"

"आले होते ना. नागपूरले जायच्या आधी. एकटेच एसटीनं." तिनं साडीचा काठ उजेडाकडे धरला. "दुकानात लय गर्दी होती त्या दिवशी, लग्नसराई. म्हटलं, सर थांबा. तं बायांमध्ये बसून राह्यले स्टुलावर. सर्व्या बाया गेल्यावर सांगतलं."

"काय सांगितलं?"

"सूर्याच्या उजेडातच जांभळा कमी राहते म्हणे, आन् वरच्या हवेत त्यातला काही जिरते. उरला तो आपल्या डोळ्याले नीट दिसत नाही. निळा बराबर दिसते. म्हणून निळं."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, सर, समजलं नाही. पुन्हा सांगा."

"मग?"

"पुन्हा सांगतलं. पहिल्यापासून. काही राग नाही, काही नाही. मधी मधी विचारत होते, आता समजलं का बाई."

तिनं पीस कापला, घडी घातली, कागदात गुंडाळला. मग काउंटरवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"समजलं तं मले पहिल्या वेळेसच होतं, मॅडम," ती म्हणाली.